नितळ पाण्यातली उपासमार

खाऱ्या पाण्याची टाकी घरात ठेवणाऱ्याला सगळ्यात जास्त मिरवावंसं वाटतं ते पाणी, मासे नंतर. टाकीमागे टांगलेलं कॅलेंडर पाण्यातून आरपार वाचता आलं पाहिजे, अशी त्याची अट असते. त्या अटीपायी फेस काढून टाकणारा स्किमर, बारीक विणीची कापडी गाळणी, अतिनील दिवा, ठरल्या वारी पाणीबदल असा सगळा सरंजाम तो उभा करतो. मग एक दिवस मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा कुर्ल्याच्या दुकानातून लालभडक, फांद्याफांद्यांचा स्पंज घरी येतो. पहिले काही आठवडे तो जसाच्या तसा उभा असतो. पुढे टोकं पांढुरकी पडतात, फांद्या बारीक होतात आणि काही महिन्यांत खडकावर एक करडा चिकटा उरतो. दुकानदार सांगतो, "नाजूक जात असते, साहेब." हे स्पष्टीकरण मला पटत नाही. पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या प्राण्यांत ज्यांची गणना होते, ध्रुवाजवळच्या बर्फाळ समुद्रापासून कोकणातल्या मुरुडच्या गढूळ किनाऱ्यापर्यंत जे तग धरून आहेत, त्यांना नाजूक म्हणायचं तर चिवट कोणाला म्हणायचं? घरच्या टाकीतला स्पंज बहुतेक वेळा नाजूकपणाने मरत नाही, उपासमारीने मरतो. आणि ही उपासमार आपण ज्याला स्वच्छता म्हणतो तिच्यातून येते.

याचा पुरावा पाहायला मुरुड ही चांगली जागा आहे. मुरुडच्या पुळणीवर उभं राहून समुद्राकडे पाहिलं तर अंदमान-लक्षद्वीपच्या पोस्टरांतलं निळंशार पाणी दिसत नाही. दक्षिणेला राजपुरीची खाडी मांदाड नदीचं पाणी आणि गाळ घेऊन समुद्राला मिळते. भरती-ओहोटी तो गाळ दिवसातून दोनदा वर-खाली ढवळते. पावसाळ्यात तर खाडीच्या तोंडाशी पाणी चहाच्या रंगाचं होतं. तरीही अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी दूरवर ओसरलं आणि एकदरा-राजपुरीच्या बाजूचा काळा कातळ उघडा पडला, की त्या कातळाच्या पोटाखाली, उन्हाची तिरीप पोहोचत नाही अशा कपारींत, स्पंजांचे थर चिकटलेले सापडतात: केशरी, राखाडी, फिकट जांभळे, कुठे नखाएवढे, कुठे तळहाताएवढे. वरच्या पृष्ठभागावर ते फारसे नसतात. तिथे ऊन आहे, गाळ साचतो, शेवाळ वाढतं. खालच्या बाजूला सावली आहे, गाळ टिकत नाही आणि पाणी सतत वाहतं. स्पंजाला काय हवं आणि काय नको याची जवळजवळ सगळी यादी त्या एका दगडाच्या दोन बाजूंवर लिहिलेली आहे. फक्त दगड उलटून पाहिलाच, तर तो होता तसाच पुन्हा ठेवावा; पोटाची बाजू उन्हात राहिली की तिच्यावरची वस्ती दुपारपर्यंत संपते.

स्पंज म्हणजे रंध्रीय प्राणी, हे दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, चेतापेशी नाहीत. अंगभर बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी आत जातं. आतल्या नळ्यांच्या जाळ्यात कॉलर पेशी आपले चाबकासारखे केस हलवत पाण्याला ओढ देतात, त्यातले कण टिपतात, आणि उरलेलं पाणी एका मोठ्या मुखातून बाहेर पडतं. पाणी लहान छिद्रांतून आत आणि मोठ्या मुखातून बाहेर जातं, हे एडिंबराच्या रॉबर्ट ग्रँट यांनी १८२५च्या सुमारास डोळ्यांनी पाहून नोंदवलं. त्या काळी स्पंज वनस्पती की प्राणी याचाच वाद चालू होता. आता प्रश्न किती पाणी, हा. पाठ्यपुस्तकांत नेहमी दिलं जाणारं उदाहरण ल्यूकोनिया या चुनखडी स्पंजाचं आहे: सुमारे १० सेंटिमीटर उंच आणि १ सेंटिमीटर जाड असा हा प्राणी दिवसाला जवळपास २२.५ लिटर पाणी स्वतःतून काढतो. म्हणजे आपल्या आकारमानाच्या तीन हजार पटीच्या आसपास. करंगळीएवढे दहा स्पंज असतील, तर २०० लिटरची टाकी ते एका दिवसात पूर्ण गाळून काढतील. पण इतकी मेहनत करून त्यांच्या हाती काय लागतं? स्पंजाचं मुख्य अन्न म्हणजे जिवाणू आणि त्यांच्याच मापाचे सूक्ष्म शैवालकण, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावे लागतील असे, शिवाय पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ. किनाऱ्याच्या समुद्राच्या एका मिलिलिटरमध्ये दहा लाखांच्या घरात जिवाणू असू शकतात. याउलट, अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचे केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती प्रवाळ-टाक्यांतलं पाणी तपासून २०११ मध्ये जे आकडे मांडले, त्यांत स्किमर लावलेल्या टाक्यांत नैसर्गिक प्रवाळखडकांवरच्या पाण्याच्या सुमारे एक दशांश जिवाणू आढळले. प्रवाळखडकांचं पाणी मुळातच निर्मळ समजलं जातं. त्याच्याही एक दशांश. कॅलेंडर वाचता येतं ते याच कारणाने.

उपासमारच असेल तर स्पंज महिनोन्‌महिने कसा टिकतो, हा पहिला आक्षेप. त्याचं उत्तर स्पंजाच्या शरीररचनेत आहे. त्याला ठरावीक आकार आणि ठरावीक अवयव नाहीत, त्यामुळे कमी अन्नात तो स्वतःला आवरून घेऊ शकतो. पेशी कमी करतो, पंपाचा वेग उतरवतो, आतल्या आत आक्रसतो. शिवाय त्याचा सांगाडा, म्हणजे काचेच्या किंवा चुन्याच्या सुईसारख्या कंटिका आणि स्पॉन्जिनचे तंतू, आतला जीव कमी झाला तरी बाहेरचा डौल धरून ठेवतो. म्हणून आपल्याला तो 'जसाच्या तसा' दिसतो. मासा उपाशी असेल तर त्याचं पोट खपाटीला जातं, डोकं मोठं दिसू लागतं, कोणीही ओळखेल. स्पंजाची उपासमार दिसते ती बारकाव्यांत: पाणी सोडणारी मुखं लहान होत जातात, मग बुजतात, पृष्ठभागाचा ताजा, ओलसर मखमली पोत जाऊन तो निस्तेज होतो, पायथ्याशी कडा मागे सरकतात आणि जुन्या कडेची फिकट रेघ खडकावर उरते. ही रेघ दिसली की समजावं, स्पंज लहान होतोय. हे पहिल्या-दुसऱ्या महिन्यात पकडलं तर उपाय आहे. टोकं पांढरी पडल्यावर फारसा नाही.

गढूळ पाण्यात स्पंज फोफावतात, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. स्पंजाच्या अभ्यासाचा एक मोठा धडा तर मुंबईतच लिहिला गेला. हेन्री जॉन कार्टर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले शल्यवैद्य. १८४०च्या दशकात ते मुंबईत होते. बेटावरच्या तळ्यांत गोड्या पाण्यातले स्पंज वाढत होते. कार्टर यांनी ते जमवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १८४८ आणि १८४९ मध्ये त्यांच्यावर निबंध प्रसिद्ध केले. स्पंज हा प्राणीच आहे हे त्याच्या पेशींवरून दाखवण्यात त्या निबंधांचा वाटा आहे. १८५९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, आणि १८६३ मध्ये स्पंजांचे ब्रिटिश अभ्यासक बॉवरबँक यांनी मुंबईच्या एका स्पंजाला त्यांचं नाव दिलं. आज तो 'युनापियस कार्टेरी' म्हणून ओळखला जातो. कार्टर यांची तळी म्हणजे काचेसारखं पाणी नव्हे. माणसांच्या रोजच्या वापरातली, उन्हाळ्यात आटणारी, पावसात तुडुंब भरणारी ती तळी होती. त्यांतली बहुतेक पुढे बुजवली गेली. शहराने तळी बुजवली आणि आता दिवाणखान्यात काचेची बांधली, असं म्हणता येईल. पण ते राहू दे.

टाकीतला स्पंज ओळखायचा कसा? इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. स्पंज हवा असेल तर तो विकतच आणावा लागतो असं नाही. प्रवाळाच्या तुकड्याच्या बुडाशी, गोगलगाईच्या शंखावर, दुसऱ्याच्या टाकीतून आणलेल्या खडकाच्या भोकात लपून स्पंज आपोआप येतात आणि मालकाच्या नकळत वर्षानुवर्षं राहतात. सगळ्यात सहज भेटतो तो सायकॉन. दहावीच्या वहीत ज्याची फुलदाणीसारखी आकृती काढलेली असते, तोच. टाकीखालच्या संपमध्ये, म्हणजे गाळणीच्या हौदात, पाईपच्या आतल्या बाजूला, पंपाच्या मागे, जिथे अंधार आहे आणि पाणी वाहतं, तिथे अर्ध्या-एक सेंटिमीटरची पांढरी बारीक फुलदाणी, तोंडाशी केसांची झालर: हा सायकॉन किंवा त्याचा सख्खा भाऊबंद. त्यांची संख्या कधी अचानक वाढते, कधी ओसरते. घाबरण्याचं कारण नाही, ते निरुपद्रवी आहेत. खडकाच्या खालच्या अंगाला पसरलेला पांढरा, करडा किंवा फिकट जांभळा थर, ज्यावर मधूनमधून लहान ज्वालामुखीसारखी मुखं वर आली आहेत, तो बहुधा हॅलिक्लोना किंवा तत्सम. काळसर तपकिरी, चकचकीत, कलेजीच्या तुकड्यासारखा दिसणारा आणि रबरासारखा लागणारा थर कॉन्ड्रिलाचा असू शकतो. आणि खडकातून किंवा शिंपल्यातून फक्त पिवळी-केशरी बोंडं डोकावत असतील, बाकी अंग कुठे दिसतच नसेल, तर तो क्लायोना: खडक पोखरून आत राहणारा.

खरी फसगत होते ती असिडियनबरोबर, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या हर्डमानियाच्या भाऊबंदांबरोबर. वसाहत करून राहणारे असिडियनही खडकावर रंगीत थर करतात, त्यांनाही भोकं असतात, तेही पाणी गाळून खातात. फरक हालचालीत. काचेच्या काडीने हलकेच स्पर्श करा: असिडियनची भोकं चटकन मिटतात, कारण त्याला स्नायू आणि चेतासंस्था आहे. स्पंज लगेच काहीच करत नाही; काही जातींची मुखं मिनिटामिनिटांनी, डोळ्यांना जाणवेल-न जाणवेल अशी आकसतात. असिडियनचा थर ओल्या जेलीसारखा गुळगुळीत असतो, स्पंजाचा बहुधा खरबरीत. दुसरी खूण प्रवाहाची. पंप बंद करून पाणी स्थिर होऊ द्यावं आणि टाकीत घालायच्या हिरव्या शैवालद्रवाचा एक थेंब पिचकारीने स्पंजाच्या अंगाजवळ सोडावा. हिरवा ढग पृष्ठभागाकडे ओढला जाताना दिसतो, आणि मोठ्या मुखातून बाहेर पडणारी धार त्या ढगाला वर ढकलताना दिसते. ही धार दिसली तर दोन गोष्टी एकदम कळतात: स्पर्शाने भोकं मिटली नसतील तर समोर आहे तो स्पंज असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो जिवंत असून काम करतो आहे. मेलेल्या स्पंजाला रंग कित्येक दिवस राहतो. धार राहत नाही. म्हणून रंगावर विश्वास ठेवू नये, ना ओळखण्यासाठी, ना तब्येतीसाठी. एकाच जातीचा स्पंज उजेडात एका रंगाचा, अंधारात दुसऱ्याच रंगाचा असू शकतो.

नक्की जात हवी असेल तर सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो सहज मिळतो. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काचपट्टीवर घेऊन त्यावर घरगुती ब्लीचचे दोन थेंब टाकावेत. मांस विरघळतं, कंटिका उरतात. त्या पाण्याने हलक्या धुऊन पाहाव्यात. दोन्ही टोकं अणकुचीदार, एक टोक बोथट, तीन हातांच्या, चाकासारख्या, किती तरी तऱ्हा दिसतात. दुसऱ्या तुकड्यावर व्हिनेगर टाकावं. फसफसून कंटिका नाहीशा झाल्या तर तो चुनखडी वर्गातला, तशाच राहिल्या तर काचेचा, म्हणजे सिलिकाचा. (ब्लीच आणि व्हिनेगर एकाच पट्टीवर कधीही एकत्र करू नये, विषारी क्लोरीन सुटतो; आणि स्पंज उघड्या हाताने हाताळू नये, कंटिका कातडीत घुसून खाज सुटते, काही जातींनी तर आग होते.) पण इथेही टाकी आपल्याला चकवा देते. स्पेनच्या मॅन्युएल माल्डोनाडो आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं, की भूमध्य समुद्रातल्या एका स्पंजाला पाण्यात जास्त सिलिका मिळाली तर तो अशा तऱ्हेच्या कंटिका बनवतो, ज्या तिथल्या समुद्रात त्याच्या अंगात दिसत नाहीत. म्हणजे खाण्यापिण्यावर सांगाडाही ठरतो. टाकीत सिलिका जवळजवळ शून्यावर आणलेली असते, कारण ती असली की काचेवर डायटमचा तपकिरी थर धरतो. फॉस्फेट शोषण्यासाठी वापरले जाणारे लोहयुक्त दाणे सिलिकाही शोषतात. स्पंजाच्या दृष्टीने ही दुसरी उपासमार.

क्लायोनाबद्दल थोडं अधिक लिहायला हवं, कारण कोकणात त्याची खूण ज्याने त्याने पाहिलेली असते, फक्त नाव माहीत नसतं. खडकावरची कालवं फोडून आणणाऱ्या बायकांच्या टोपलीत एखादं शिंपलं असं निघतं, की त्याच्या जाड पाखीवर मोहरीएवढी गोल भोकं ओळीने पडलेली असतात, आणि ते दोन बोटांत दाबलं तर चुरा होतं. ते क्लायोनाचं काम. त्याच्या पेशी आम्लाने चुन्याचा बारीक तुकडा भोवतीने कोरतात आणि तो सुटा करून मुखातून बाहेर टाकतात. अशा लाखो तुकड्यांतून शिंपल्याच्या आत बोगदे तयार होतात. टाकीत क्लायोना आला तर प्रवाळाचा पाया हळूहळू पोकळ होऊ शकतो, म्हणून इतर स्पंजांना जी मुभा द्यावी ती याला देऊ नये. तो तुकडा वेगळा काढलेला बरा. मुरुडमध्ये यावरून एक समजूत सहज सुचू शकते: समोरच्या समुद्रातल्या पद्मदुर्ग किल्ल्याच्या तटाचे दगड असे झिजले आहेत की दरजांतला चुना तसाच उभा आणि मधला दगड आत गेलेला, हेही अशाच एखाद्या जीवाचं काम असेल का? नाही. क्लायोना चुना खातो, काळ्या दगडाला हात लावत नाही. त्याचं काम असतं तर चुना गेला असता आणि दगड राहिला असता. तिथे खारा वारा, लाटा आणि दगडात शिरून स्फटिक होणारं मीठ कारणीभूत आहे.

आता मुख्य आक्षेप. स्पंजाला गढूळ पाणी मानवतं, तर काय टाकी घाण करायची? मासे आणि प्रवाळ कोणी सांभाळायचे? आक्षेप रास्त आहे, पण तो 'घाण' या एकाच शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पाण्यात तरंगणारा जिवंत कण, तळाशी बसणारा गाळ, आणि विरघळलेले नायट्रेट-फॉस्फेट. पहिली गोष्ट स्पंजाचं जेवण आहे. दुसरी त्याची शत्रू: छिद्रं बुजतात, म्हणूनच तर मुरुडच्या कातळावर तो वरच्या अंगाला राहत नाही. तिसरीचा त्याला थेट उपयोग नाही, उलट काही स्पंजांच्या शरीरातले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करून पाण्यात सोडतात. स्पंज ठेवला म्हणजे नायट्रेट कमी होईल, ही दुकानात ऐकू येणारी आशा म्हणूनच फोल आहे. आपली बहुतेक यंत्रं तिन्ही गोष्टी एका झाडूने झाडतात. करायचं ते एवढंच, की पहिलीला वेगळं काढायचं. नॅनोक्लोरॉप्सिससारखं दोन-तीन मायक्रॉनचं शैवाल जिवंत किंवा घट्ट द्रवाच्या रूपात मिळतं. रोज रात्री, दिवे गेल्यावर, स्किमर आणि अतिनील दिवा दोनेक तास बंद ठेवून ते थोडं थोडं द्यावं. आठवड्यातून एकदा भरपूर देण्यापेक्षा रोज चिमूटभर देणं केव्हाही चांगलं, कारण स्पंज साठवत नाही, तो सतत गाळत असतो. नायट्रेट आणि फॉस्फेट दर आठवड्याला मोजावं, वाढलं तर पाणी बदलावं, शैवाल बंद करू नये. पाण्याला किंचित पिवळट-हिरवट छटा येईल. ती चालवून घ्यावी. कॅलेंडर भिंतीवर लावावं.

दुसरा आक्षेप मुरुडसारख्या गावातून हमखास येईल: स्पंज कातळाखाली आहेतच, ओहोटीला चार तुकडे आणून टाकीत सोडले तर काय बिघडलं? शिवाय ते तासन्‌तास पाण्याबाहेर राहतात, म्हणजे 'स्पंजाला हवा लागली की मरतो' हा टाकीवाल्यांचा नियमही खोटा! नियम खोटा नाही, अर्धा आहे. कपारीतला स्पंज ओहोटीत सावलीत, ओलसर कातळाला घट्ट चिकटलेला असतो. छिद्रं मिटून आतलं पाणी धरून ठेवतो आणि पाणी परतायची वाट पाहतो. खोल पाण्यातल्या फांद्यावाल्या जातींना ही सवय नाही. त्यांना वर उचललं की नळ्यांतलं पाणी निथळतं, हवा शिरते, ती पुन्हा निघत नाही, आणि आतून कुजायला सुरुवात होते. म्हणून विकत घेतलेला स्पंज दुकानात पाण्याखालीच पिशवीत भरावा आणि घरी पाण्याखालीच सोडावा. राहिला प्रश्न कातळावरून ओरबाडून आणण्याचा. खरवडताना स्पंजाचा तळ फाटतो, आणि फाटका स्पंज टाकीत सडला की बाकीच्यांना घेऊन जातो. कायद्याची बाजूही आहे: खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि चुनखडी स्पंजांनाही त्या कायद्याचं संरक्षण आहे. सूक्ष्मदर्शकाशिवाय चुनखडीचा कोणता आणि सिलिकाचा कोणता हे किनाऱ्यावर कोण सांगणार? किनारा पाहण्यासाठी आहे. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम २०१७ पासून ओहोटीच्या फेऱ्या काढून लोकांना हेच करायला शिकवतो: पाहा, फोटो काढा, नोंदवा, दगड जागच्या जागी ठेवा. मुरुडच्या शाळा-कॉलेजांना असं काही करायला कोणाच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही, फक्त भरती-ओहोटीचं कोष्टक हाताशी हवं.

पाणी मात्र मुरुडचं घेता येईल का? येईल, पण पावसाळ्यात नाही आणि खाडीच्या तोंडाशी किंवा होड्या लागतात त्या धक्क्यावरचं तर कधीच नाही. तिथे डिझेलचा तवंग असतो. हिवाळ्यात भरतीच्या वेळी घेतलेलं पाणी काळोखात काही दिवस निवळू द्यावं आणि क्षारता मोजूनच वापरावं: विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास, म्हणजे लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार. समुद्रमीठ विकत घेऊन पाणी बनवणाऱ्यालाही हाच आकडा गाठायचा असतो, १०० लिटरला सुमारे ३.५ किलो. स्पंजाला क्षारतेत अचानक फरक सोसत नाही. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी गोड्या पाण्यानेच, रोज थोडं थोडं भरावं. जागा निवडताना कातळाचा तोच नियम: खडकाची खालची किंवा उभी बाजू, थेट प्रकाशापासून दूर, पाणी वाहतं पण पंपाचा झोत अंगावर नाही. उजेडात ठेवलेल्या स्पंजावर शेवाळ चढतं आणि तो गुदमरतो. अपवाद आहेत, काही निळसर-करड्या, पसरट जाती आपल्या अंगात प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू पाळतात आणि त्यांना उजेड हवाच असतो. मोठे एंजलफिश स्पंज कुरतडून खातात. आणि माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध टाकीत टाकण्याची जी सर्रास पद्धत आहे, तिने स्पंजच काय, टाकीतले बहुतेक कणाहीन प्राणी मरतात. आजारी मासा वेगळ्या टाकीत नेऊनच औषध द्यावं.

एवढं करून मिळतं काय, असं कोणी विचारलं तर रंग एवढंच उत्तर देऊन भागणार नाही. रंग तर प्लॅस्टिकच्या प्रवाळालाही असतो. उत्तर २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. नेदरलँड्सच्या यास्पर द हूय आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रवाळखडकांवरचे स्पंज पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य शोषतात, जे बहुतेक प्राण्यांना खाताच येत नाही. त्या बळावर स्पंज पेशी बनवतात आणि जुन्या पेशी झपाट्याने टाकून देतात, आणि तो टाकलेला चुरा कोळंबी, गोगलगाई, किडे खातात. संपमध्ये अंधारात वाढलेला दुर्लक्षित पांढरा थर टाकीसाठी जे करतो ते पाच हजार रुपयांच्या यंत्राला येत नाही. म्हणून संप घासूनपुसून लख्ख करण्याची सवय सोडावी. नव्या टाकीला हे सगळं लगेच जमत नाही; सहा महिने ते वर्षभर मुरलेल्या टाकीतच स्पंज आणावा, आणि त्यातही पहिला तुकडा दुकानातल्या लाल फांदीचा नको, ओळखीच्या कोणाच्या संपमधला असावा. टाकीच्या पाण्याला सरावलेला स्पंज टिकण्याची शक्यता जास्त.

कोकणात विजेचा विचार वेगळा करावा लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा मुरुड-श्रीवर्धन पट्ट्यात कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. स्पंज स्वतः पाणी ओढत असला तरी टाकीतला प्राणवायू संपला की त्याचं काही चालत नाही. बॅटरीवरचा हवापंप घरात असावा, आणि त्याचे बुडबुडे स्पंजापासून लांब सोडावेत. एखादा स्पंज मेलाच, म्हणजे अंगावर पांढरी बुरशीसारखी साय आली, वास आला, स्पर्शाने तुकडे सुटू लागले, तर वाट पाहू नये. खडकासकट बाहेर काढावा, पाव ते तृतीयांश पाणी बदलावं, कोळशाची गाळणी लावावी आणि अमोनिया दोन दिवस मोजत राहावं. फक्त एक टोक गेलं असेल तर पाण्याखालीच धारदार पात्याने निरोगी भागात कापून मेलेला तुकडा काढावा. उरलेला जगू शकतो. अमेरिकेच्या एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ मध्ये स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून त्याच्या सुट्या पेशी केल्या, तर त्या पुन्हा गोळा होऊन नवे स्पंज तयार झाले. असल्या प्राण्याला एक काप काही जड नाही. याच गुणामुळे चांगला वाढलेला स्पंज कापून, तुकडा दोऱ्याने दगडाला बांधून दुसऱ्याला देता येतो. द्यायला कोणी नसेल आणि तो टाकीभर पसरला असेल, तर जास्तीचा भाग वाळवून कचऱ्यात टाकावा. मुरुडच्या पाण्यात सोडू नये. बहुतेक विकतचे स्पंज दुसऱ्या समुद्रांतून आलेले असतात, आणि टाकीतले जिवाणू आणि रोग त्यांच्याबरोबर जातात.